चुलीवरचं शिसं

नाशिक जिल्ह्यात धरणांची वाण नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण, चणकापूर, गिरणा, कुठल्याही फुगवट्यावर जा, जाळी पडलेली दिसतात. आणि जाळं म्हटलं की त्याच्या खालच्या काठाला शिसं आलंच. पोटासाठी मासे धरणाऱ्या भोई, कोळी, भिल्ल कुटुंबांच्या फेकजाळ्याला ते असतं, तसंच रविवारी गाडीतून रॉड घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींच्या दोरीलाही असतं. यातलं काही शिसं बाजारातून तयार येतं, आणि काही घरीच ओतलं जातं. भंगारातून आणलेले तुकडे, एक जुनी कढई किंवा पळी, चूल नाहीतर गॅसची शेगडी आणि एक साचा, एवढ्यावर काम भागतं. हे काम घरातून बाहेर गेलं पाहिजे आणि लवकर गेलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी सहसा नदीचं कारण पुढे केलं जातं. ते खरं आहे, पण दुसऱ्या नंबरचं. पहिलं कारण त्या चुलीपासून दोन हातांवर खेळत असतं आणि त्याचं वय तीन-चार वर्षांचं असतं.

या कामाला नावं ठेवण्याआधी ते जवळून पाहायला हवं, कारण त्यात कसब आहे. कढईत टाकलेले तुकडे बराच वेळ काहीच करत नाहीत. मग एकदम त्यांच्या कडा बसतात, तळाशी चकाकी दिसते आणि पाहता पाहता सगळा ढीग खाली उतरून रस होतो. त्या रसावर करड्या रंगाची साय धरते. पळीच्या काठानं ती बाजूला सारली की खालून आरशासारखं लख्ख शिसं दिसतं, आणि काही क्षणांत त्यावर पुन्हा साय येते. जाणकार माणूस रस किती तापलाय हे त्या सायीच्या रंगावरून ओळखतो. साचा आधी शेकून घेतलेला असतो, कारण त्यात पाण्याचा थेंब राहिला तर रस पडताक्षणी त्याची वाफ होते आणि तापलेलं शिसं तोंडावर उडतं. ओतताना हात थांबता कामा नये, नाहीतर मण्यात जोड राहतो. निवल्यावर साचा उघडायचा, कडेला आलेली जादा पाती चाकूनं कापायची, कानशीनं घासायची, भोक मोकळं करायचं. जिग बनवणारे हौशी लोक साच्यात आधी गळ बसवतात आणि त्याच्या मानेवर शिशाचं डोकं ओततात. मग त्याला रंग देतात, डोळा काढतात. हे सगळं करताना माणूस रमतो. आपल्या हातच्या वजनाला मासा लागला की त्याला होणारा आनंद खराच असतो, आणि तो कमी लेखण्याचं मला काही कारण दिसत नाही.

नाशिकला तर धातू वितळवण्याचं अप्रूप असायचं कारणच नाही. भांडीबाजार आणि तांबटांच्या गल्ल्या असलेलं हे गाव. ओतारी, तांबट, कासार यांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या तांब्यापितळेला आकार दिला. पण तांब्याला 1085 अंश सेल्सियस लागतात, लोखंडाला दीड हजारांच्या वर. त्यासाठी भट्टी लागते, भाता लागतो, मूस लागते, आणि म्हणून ते काम आपोआप कारखान्यात, आळीत, जाणत्या माणसाच्या हाती राहिलं. शिसं 327 अंशांना वितळतं. स्वयंपाकघरातली शेगडी त्याला पुरते. धोका नेमका या सोयीतच आहे. जो धातू इतक्या सहज वितळतो, तोच सगळ्यांत विषारी धातूंपैकी एक निघाला, आणि त्याला वितळवायला भट्टीची गरज नसल्यामुळे तो माजघरापर्यंत आला.

सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी याच भागात शिशाची नाणी पाडली. ती आजही सापडतात, हातात घेता येतात, त्यांच्यावरचा हत्ती ओळखू येतो. शिशाला अंत नाही. ते कुजत नाही, जळून नाहीसं होत नाही, फक्त जागा आणि रूप बदलतं. घरात ओतकाम करणाऱ्यानं ही गोष्ट सारखी मनात धरायला हवी. कढईतून जे कमी झालं ते कुठे तरी गेलंय.

ते जातं तीन वाटांनी. पहिली वाट वाफेची. वितळण्याच्या तापमानाला शिशाची वाफ फार कमी असते. मात्र आच वाढून रस 500 अंशांच्या आसपास गेला की ती झपाट्यानं वाढते. शेगडीवर कढईचा तळ लालसर दिसू लागला, तर तो त्याच्या वरच गेलेला असतो. या वाफेला वास नसतो. आपल्याला जो उग्र धूर नाकात जातो, तो भंगारावरच्या ग्रीसचा, प्लॅस्टिकचा, रंगाचा. तो धूर निवला की लोकांना वाटतं, आता घाण जळाली, हवा स्वच्छ झाली. प्रत्यक्षात तेव्हा रस सगळ्यांत जास्त तापलेला असतो. दुसरी वाट त्या सायीची. पळीनं काढून बाजूला टाकलेली ती करडी-पिवळी भुकटी म्हणजे शिशाचं ऑक्साइड. ती हलकी असते, पायाला लागते, वाऱ्यानं उडते, लुगड्याच्या काठाला बसते. तिसरी वाट कानशीच्या किसाची आणि हातांची. शिसं इतकं मऊ आहे की नुसतं हाताळलं तरी बोटांवर काळसर लेप येतो. त्या हातांनी तंबाखू मळली जाते, भाकरी मोडली जाते, मूल उचललं जातं. आणखी एक सवय सांगायलाच हवी, कारण ती इतकी अंगवळणी पडलीय की कोणी तिचा विचारच करत नाही. चिरलेली बारीक गोळी दोरीवर बसवून ती दातांनी दाबून बंद करतात. शिसं तोंडात घालण्याची याहून सरळ तऱ्हा नाही.

आणि ते भंगारातलं शिसं कुठून येतं, हेही पाहू. गाडीच्या चाकाला तोल साधण्यासाठी लावतात ती वजनं, जुन्या टेलिफोन केबलचं आवरण, छापखान्यांतले मोडीत निघालेले खिळे, हे त्यातले बरे प्रकार. सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे बॅटरी. मोटारीच्या एका बॅटरीत साधारण 8 ते 10 किलो शिसं असतं, म्हणून ती मोहात पाडते. पण त्यातलं बरंचसं शिसं धातूच्या रूपात नसतंच. ते ऑक्साइड आणि सल्फेटच्या लगद्यात असतं, आणि ती फोडताना तो लगदा आणि आम्ल अंगणात सांडतं. 2001 पासून जुन्या बॅटऱ्या परत करण्याबाबत देशात नियम आहेत, 2022 साली ते नव्यानं आले. अंगणात फोडलेल्या एका बॅटरीपुढे ते सगळे कागदावरच राहतात.

आता मुलाकडे वळू. मोठ्या माणसानं गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शरीर शोषून घेतं. लहान मुलाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. त्यातून लहान मूल जमिनीवर असतं, हात तोंडात घालतं, आणि त्याचा मेंदू त्याच काळात घडत असतो. शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं 2021 साली मुलांच्या रक्तासाठी लक्ष ठेवण्याची पातळी दर डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅमवर आणली. 1991 साली ती 10 होती. ही मात्रा किती असते, याचा हिशोब मांडू. चार वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण सव्वा लिटर रक्त. त्या सगळ्या रक्तात मिळून चाळीस-पंचेचाळीस मायक्रोग्रॅम शिसं असलं की ही पातळी गाठली गेली. एका मिलिमीटरचा पाचवा भाग एवढ्या लांबी-रुंदी-उंचीचा शिशाचा कण घेतला, जो फरशीवर पडला तर डोळ्यांनी नीट दिसणारही नाही, तर त्यात याच्या दुप्पट शिसं असतं. खाल्लेलं सगळं रक्तात उतरत नाही आणि त्यातलं बरंच पुढे हाडांत जाऊन बसतं, हे धरूनही ज्या अंगणात किलोनं शिसं वितळलं आणि कानशीनं घासलं जातं, तिथे असे कण किती असतील ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं अधिक ओढून घेतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. म्हणजे शिशाला सगळ्यांत जास्त दार उघडं ठेवणारी मुलं आपल्याच घरांत आहेत, आणि गरिबाच्या घरात ती जास्त आहेत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानं जगात सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसं असल्याचा अंदाज दिला. त्यातली साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतातली. त्या आकड्याला बॅटऱ्या, रंग, मसाले, भांडी अशी पुष्कळ कारणं आहेत. जाळ्याचं शिसं त्यातला छोटा वाटा असेल. पण ज्या घरात ते वितळतं, त्या घरापुरता तो वाटा छोटा राहत नाही.

याची सगळ्यांत भयंकर साक्ष आफ्रिकेतून आलेली आहे. सेनेगलची राजधानी डकार, तिच्या कडेला तियारोय-सुर-मेर नावाची समुद्रकाठची वस्ती. तिथले लोहार वर्षानुवर्षं गाडीच्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत आणि कोळ्यांच्या जाळ्यांसाठी वजनं ओतत. काम घाणीचं होतं, पण ते गावाच्या सवयीचं झालं होतं. त्यातून तिथली वाळू शिशानं भरत गेली. मग जगात शिशाचा भाव चढला. त्या वेळच्या बातम्यांनुसार भारतातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती मातीच किलोवर विकत घ्यायला सुरुवात केली. बायका ती माती खणू लागल्या, घरी आणून चाळू लागल्या, पाठीवर बाळं बांधलेली असत. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात त्या वस्तीत 18 मुलं दगावली. आधी कोणाला कारण उमजेना, हिवताप म्हणावा तर तसा तापही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकानं 50 मुलांचं रक्त तपासलं. सगळ्यांत कमी शिसं असलेल्या मुलाची पातळी दर डेसिलिटरला 39.8 मायक्रोग्रॅम होती आणि सगळ्यांत जास्त असलेल्याची सहाशेच्या वर.

तियारोयची गोष्ट वाचून कोणी म्हणेल, तिथे तर मातीचा धंदा झाला होता, आमच्याकडे वर्षातून दोनदा एक कढई चढते. हे बरोबर आहे. पण त्या वस्तीची सुरुवातही जाळ्याच्या वजनांपासूनच झाली होती, आणि लोहारांनी पहिली बॅटरी फोडली तेव्हा कोणीही मेलं नव्हतं. मेलं नाही म्हणजे काही झालं नाही, हा निष्कर्ष शिशाच्या बाबतीत सगळ्यांत फसवा आहे. कोलंबियातल्या कार्ताहेना शहरातल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तीत घरोघरी जाळ्याची वजनं ओतली जात, तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं अधिक सापडलं. तिथे अंत्ययात्रा निघाल्या नव्हत्या, मुलं शाळेत जात होती. कमी मात्रेतलं शिसं असंच वागतं. ते मुलाचे बुद्ध्यंकाचे काही गुण घेतं, लक्ष लागू देत नाही, चिडचिड वाढवतं. अशा मुलाला मास्तर आळशी म्हणतात, बाप मारतो, आई नशिबाला दोष देते. शिशाचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही.

म्हणून ‘आमच्या आजोबांनी जन्मभर शिसं ओतलं, त्यांना काय झालं?’ हा प्रश्न मला मान्य नाही. आजोबांना काय झालं हे आपल्याला माहीत असतं का? त्यांचा रक्तदाब, त्यांच्या पोटातल्या कळा, सांध्यांचं दुखणं, मूत्रपिंडाचा विकार हे सगळं म्हातारपणाच्या खात्यावर जमा झालं. शिसं रक्तातून महिन्याभरात निम्मं ओसरतं, पण ओसरलेलं बरंचसं हाडांत जातं आणि तिथे वीस-वीस वर्षं राहतं. आजीच्या हाडांतलं शिसं तिच्या गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत गेलं असेल, तर ते कोणी मोजलं? आणि आपल्या लोकांना शिसं विषारी आहे हे अजिबात ठाऊक नव्हतं, असंही नाही. गायकाचा गळा बसवायला पानातून शेंदूर चारल्याच्या गोष्टी संगीत नाटकांच्या काळापासून आपण ऐकत आलो, आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. ज्ञान होतं. ते गोष्टीत राहिलं, चुलीपाशी आलं नाही.

गुळाचा समजही इथेच निकालात काढू. धूळ-धुराच्या कामानंतर गूळ खाण्याची चाल जुनी आहे, कारखान्यांतही कामगारांना तो देत. पोटभर जेवून काम करणं, आहारात लोह आणि कॅल्शियम असणं यानं शिसं कमी शोषलं जातं, हे खरं. पण एकदा आत गेलेलं शिसं गूळ किंवा दूध धुऊन काढत नाही. या भरवशावर कोणी रोज कढई चढवत असेल तर तो भरवसा पोकळ आहे.

आता नदीचं, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या कारणाचं. गंगापूरच्या पाण्यावर नाशिक शहर जगतं, त्यामुळे तळाला पडलेल्या शिशाच्या गोळ्यांनी पिण्याचं पाणी विषारी होईल, अशी भीती कोणी घातली तर ती पटकन पसरेल. मला ती खरी वाटत नाही. धातुरूप शिसं साध्या पाण्यात फार सावकाश विरघळतं, त्यावर एक पापुद्रा धरतो, आणि धरणातलं पाणी अफाट असतं. खोटी भीती घालून खरं काम साधत नाही. उलट भीती खोटी ठरली की लोकांचा खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. पाण्यातल्या शिशाचा खरा बळी पक्षी आहे. बदकं, हंस, कलहंस दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि ते पोटातल्या पेषणीत साठवतात. शिशाची गोळी त्यांना खड्यासारखीच दिसते. पेषणीत ती दळली जाते, आम्लात विरघळते आणि पक्षी अशक्त होत होत मरतो. इंग्लंडमध्ये नद्यांवरचे हंस असे मरू लागले, तेव्हा 1987 साली तिथे साधारण 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. अगदी बारीक कणी तेवढी वगळली. पुढे हंसांची संख्या सावरली. डेन्मार्कनं 2002 साली शिशाच्या मासेमारी साहित्याची विक्री आणि आयातच थांबवली.

आपल्याकडे निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. 2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी यांचे थवे उतरतात, आणि हे सगळे उथळ पाण्यात, गाळात चोच घालून खाणारे किंवा खडे गिळणारे पक्षी. गंगापूरपासून नांदूरमधमेश्वरापर्यंत एकच गोदावरी वाहते. तिच्या काठच्या उथळ पाण्यात बारीक गोळ्या सोडून येणं, हे हिवाळी पाहुण्यांच्या ताटात विष वाढणं आहे. इथे एक न्यायाचा मुद्दा आहे. भोयाचं शिसं जाळ्याला बांधलेलं असतं. जाळं त्याची पुंजी आहे, फेकजाळ्याला दोन-चार किलो वजन असतं, एक मणी सुटला तरी तो हळहळतो आणि निवांत बसून नवा बसवतो. गळाची दोरी मात्र आपल्या काळ्या कातळाच्या फटीत अडकते, तुटते, आणि वजन तिथेच राहतं. हौशी माणूस डबीतून दुसरं काढतो. पाण्यात शिसं सांडतो तो मुख्यतः हौशी माणूस. तेव्हा शिसं सोडण्याची पहिली पाळी त्याची. त्याला टंगस्टनचं वजन परवडतं, आणि नाही परवडलं तरी त्याच्या घरची चूल त्या माशावर अवलंबून नाही.

मग शिशाला पर्याय काय? इथे एक साधा हिशोब आहे, जो मासेमारांपर्यंत गेलेला दिसत नाही. शिसं पाण्याच्या सव्वाअकरा पट जड, लोखंड पावणेआठ पट. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण जाळ्याचं वजन हवेत काम करत नाही, पाण्यात करतं. पाण्यात बुडवलेलं 100 ग्रॅम शिसं साधारण 91 ग्रॅम भरतं, आणि 100 ग्रॅम लोखंड साधारण 87. फरक चार ग्रॅमांचा. आपल्या काळ्या दगडाचे 100 ग्रॅम मात्र पाण्यात पासष्टच उरतात, भाजक्या मातीचे जेमतेम निम्मे. याचा अर्थ सरळ आहे. एका जागी उभ्या राहणाऱ्या जाळ्याला दगड किंवा भाजक्या मातीचे मणी चालतात, पूर्वी चालतच होते. आणि ज्या फेकजाळ्याला झपकन खाली जायचं असतं, त्याला किलोला किलो लोखंड लावलं तर काम जवळजवळ तेवढंच होतं. लोखंड आकारानं निम्म्याच्या आसपास जास्त जागा घेतं, म्हणून मणी थोडे जाड येतात, पाण्याला थोडे अडतात. काही ठिकाणी फेकजाळ्याच्या काठाला लोखंडी साखळी लावतातच. लोखंड गंजतं, गंजाचे डाग नायलॉनला लागतात, दोन-तीन हंगामांनी ते बदलावं लागतं, हे मान्य. पण गंजलेलं लोखंड अंगणात पडलं तर मुलाच्या मेंदूला काही करत नाही.

आणि नाशिकला लोखंडाचा तुटवडा आहे का? सातपूर-अंबडच्या वसाहतींत प्रेसच्या आणि टर्निंगच्या कामातून रोज चकत्या, बुश, नापास झालेले नट भंगारात जातात. नटाला तर भोक आयतंच असतं. त्यात दोरी ओवली की वजन तयार. वितळवायला नको, ओतायला नको, घासायला नको. एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेनं वसाहतीतल्या चार कारखान्यांशी बोलून एका मापाचे नापास नट किलोच्या भावानं उचलले, तर सभासदांची गरज भागेल. हे मी कल्पनेच्या भरात सांगत नाही. वजनाचा हिशोब वर मांडलाय, तो कोणीही तराजू आणि बादली घेऊन पडताळून पाहावा.

कोणी म्हणेल, एवढं सगळं आहे तर इंग्लंड-डेन्मार्कसारखी बंदीच का आणू नये? मी आज तरी बंदीच्या बाजूचा नाही. आपल्याकडे बंदी आली की तिची पहिली धाड सगळ्यांत दुबळ्या माणसावर पडते. धरणाच्या काठावरची झोपडी तपासणं सोपं, बॅटऱ्यांचं चोरटं भंगार फोडणारी भट्टी तपासणं अवघड. शिवाय बंदीनं ओतकाम थांबणार नाही, ते दार लावून होईल, आणि बंद दाराआड शिसं वितळवणं उघड्यावरच्यापेक्षा कितीतरी वाईट. पेट्रोलमधलं शिसं 2000 साली देशभरातून गेलं, कारण शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर मिळू लागलं होतं. घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या आत आणण्याचा 2016 चा नियम मोठ्या कंपन्यांना पाळता आला, कारण त्यांच्याकडे दुसरी रंगद्रव्यं होती. पर्याय हातात दिल्यावरच नियमाला अर्थ येतो. मासेमारांना होडी-जाळ्यांसाठी सरकारी योजनांतून मदत मिळते. त्याच मदतीत जाळं लोखंडी वजनांचं द्यावं, आणि जुनं शिसं वजनाला वजन या हिशोबानं संस्थेनं परत घेऊन नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवावं. शिशाला भाव आहे, त्यामुळे हा व्यवहार तोट्याचा ठरण्याचं कारण नाही. मत्स्यव्यवसाय विभागाला यासाठी नवा कायदा लागत नाही, खरेदीच्या अटींत एक ओळ वाढवावी लागते.

ती ओळ वाढेपर्यंत चुली पेटतच राहतील, हे मला कळतं. ज्याला तोपर्यंत शिसं ओतणं टाळताच येत नाही, त्याला माझी हात जोडून विनंती आहे. घरात, ओट्यावर, न्हाणीघरात ओतू नका. वस्तीपासून लांब, उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करा. पोरांना आणि गरोदर बाईला त्या जागेच्या जवळ येऊ देऊ नका, आणि काम संपल्यावरही तिथे खेळू देऊ नका. बॅटरी फोडू नका. शिसं वितळेल एवढीच आच ठेवा. ती कढई, ती पळी पुन्हा कधीही स्वयंपाकाला वापरू नका आणि घासून भंगारवाल्यालाही देऊ नका, कारण दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ती भाजी करायला जाईल. वरची भुकटी झाकणाच्या डब्यात ठेवा, उकिरड्यावर टाकू नका. अंगण झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कपडे वेगळे धुवा, हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखूला, भाकरीला, मुलाला लावू नका. गोळी पक्कडीनं दाबा, दातांनी नाही.

आणि ज्या घरात आजवर शिसं वितळलं गेलंय, त्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर त्याच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या. डॉक्टरांना तुम्ही आपणहून सांगितल्याशिवाय ते ही तपासणी लिहून देणार नाहीत, कारण घरात शिसं ओतलं जातं हे त्यांना माहीत नसतं. तेव्हा सांगा.